चव्वेचाळीस मिनिटं उशिरा

आकाशातला प्रत्येक तारा रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर उगवतो. शाळेत हे शिकवलं असेल, पण मला ते कळलं नवऱ्याच्या वहीतून, तो गेल्यानंतर. वहीचं पान ओलं होऊन वाळलेलं होतं. खाली त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं : "अमावास्या दर वर्षी अकरा दिवस अलीकडे. म्हणजे तेच आकाश चव्वेचाळीस मिनिटं उशिरा."

तो कार्तिकातल्या अमावास्येला गेला. खर्डा गावाच्या पुढे सासरची शेती आहे, तिथल्या विहिरीच्या बांधावर, कॅमेऱ्याशेजारी. त्याला ताऱ्यांच्या रेषांचं वेड होतं. तिपाईवर कॅमेरा लावायचा, तोंड ध्रुवाकडे, आणि तीस-तीस सेकंदांचे फोटो रात्रभर एकामागून एक काढत राहायचे. नंतर ते एकावर एक जोडले की ध्रुवाभोवती रेघांची वर्तुळं उमटतात. त्याला पूर्ण रात्रीचा एक फोटो हवा होता, त्यात उगवते सप्तर्षी हवे होते. त्याची मालिका अकरा वीसला थांबली. सप्तर्षी तेव्हा जेमतेम क्षितिजाशी आले होते.

कॅमेरा मला सात महिने मिळाला नाही. मोठ्या दिरांनी तो ट्रंकेत कुलूप लावून ठेवला होता. मागितला की जाऊबाई म्हणायच्या, "कशाला पायजे तुला ती अवदसा?" शेवटी मी एसटीनं गेले आणि ट्रंक उघडेपर्यंत ओसरीवरून उठले नाही. चहाही घेतला नाही. त्यांनी दिलाही नव्हता म्हणा.

नगरला येऊन कार्डावरचे फोटो पाहिले. शेवटच्या ऐंशी फोटोंत डाव्या कोपऱ्यात एक बॅटरी दिसते. जमिनीलगत हलणारा पिवळा उजेड. ऐंशी फोटो म्हणजे चाळीस मिनिटं. दीर मला म्हणाले होते, "गेलो आन लगेच गाडीत घातला." लगेच, हा त्यांचा शब्द. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंही बोलत नव्हते.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कॅमेरा मला येत नव्हता. गच्चीवर शिकले, तिथं रस्त्यावरच्या दिव्यांमुळे आकाश ताकासारखं दिसतं, पण बटणं कळायला तेवढं पुरलं. ताऱ्यावर फोकस धरायला मला पंधरा दिवस लागले. अंधारात कॅमेऱ्याला काही दिसत नाही. भिंग हातानं, केसाएवढं फिरवत तारा बारीक होईपर्यंत थांबायचं आणि मग ती जागा चिकटपट्टीनं पक्की करायची. दोन फोटोंमध्ये अंतर राहिलं तर रेघ तुटते. भिंगावर दव बसलं तर सगळं पांढरं होतं. दवावर त्याचा उपाय असा की मीठ तव्यावर तापवायचं, फडक्यात पुरचुंडी करायची आणि भिंगाखाली बांधायची. लहानपणी कान दुखला की त्याची आई तेच करायची. उजेड परतू नये म्हणून फडकं काळं.

वर्षश्राद्ध तिथीनं होतं, गावी. तीच अमावास्या, संध्याकाळी लागणारी; श्राद्ध दुसऱ्या दिवशी. मी ठरवलं की त्याच जागेवरून, त्याच्या अकरा वीसला चव्वेचाळीस मिनिटं जोडून बारा वाजून चार मिनिटांनी सुरुवात करायची. त्याची रेघ जिथं थांबली तिथून माझी. तिपाईच्या पायांसाठी त्यानं बांधात सळईचे तीन तुकडे ठोकले होते. ते जागेवर होते. कोणी उपटले नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं.

घरात कोणाला सांगितलं नाही. चुलीवर मीठ तापवलं, डब्यात भरलं आणि निघाले. त्याच्या शेवटच्या फोटोशी ताडून पाण्याच्या मोटारीच्या खोलीचा कोपरा जिथल्या तिथं आणला. हात लांब केला की क्षितिजापासून वीतभर वर ध्रुव. बारा चारला पहिला फोटो. कपाळावर लाल दिवा होता, डोळे दिपू नयेत म्हणून.

साडेबाराला लाईट आली. मी सगळा अभ्यास केला होता, पण शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, एवढं विचारलं नव्हतं. मागच्या वर्षी त्या आठवड्यात लाईटची दिवसपाळी होती, म्हणून अंधार होता. आता मोटार आपोआप सुरू झाली आणि तिच्या खोलीवरचा बल्ब भकन् पेटला. लाईट आल्याचं घरातून कळावं म्हणून तो कायम चालू सोडलेला असतो. तो बरोबर ध्रुवाच्या खाली होता.

पाठोपाठ पिकाला पाणी द्यायला दीर आणि जाऊबाई आले. आधी त्यांना माझा लाल दिवा दिसला असावा. जाऊबाई वीस पावलांवरच थांबल्या.

"कोन हाय गं तिथं?"

"मी आहे."

"तू? अवसेची?" त्या पुढे आल्या. त्यांना पुरचुंडी दिसली. "अहो, बघा की हो. मीठ! काळ्या फडक्यात मीठ बांधून इहिरीवर बसलीया. करनी करती का आमच्यावर?"

"दवासाठी आहे ते. काच ओली होते."

"व्हय, आमी येडे. शिकल्याली तू एकटी."

दीर म्हणाले, "म्याडम, उद्या त्याला पानी सोडायचंय मला. आन आज तुमी हे धंदे करताय?"

"बल्ब बंद करा. मग बोला."

"बल्ब बंद व्हनार न्हाई. साप-किरडू असतंय."

कॅमेरा दर तीस सेकंदांनी टक् करत होता. प्रत्येक टक् म्हणजे एक वाया गेलेला फोटो. एरवी मी आवाज चढवत नाही. तेव्हा चढवला. "लगेच गाडीत घातला म्हणालात. चाळीस मिनिटं तुमची बॅटरी फोटोत दिसते. काय करत होतात चाळीस मिनिटं?"

दिरांनी खांद्यावरचं खोरं खाली टेकवलं.

"चोळत हुतो," ते म्हणाले. "हात, पाय, छाती. ही गाडीवाल्याला उठवायला वस्तीवर पळाली. मी एकटा. उचलंना मला त्यो. समजलं? आन ह्ये तुमचं यंत्र," त्यांनी कॅमेऱ्याकडे बोट केलं, "मानूस चाललाय आन ह्ये टकटक, टकटक. मीच बंद केलं. फोडनार हुतो."

"मग मला का सांगितलं नाहीत?"

"इचारलं का तुमी? आल्या तवापासनं कॅमेरा द्या, कॅमेरा द्या."

मी विचारलं नव्हतं. पण त्यांनी सांगायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं. जाऊबाई म्हणाल्या, "अनवानी पळाले मी. काटे मोजले नाईत." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

दिरांनी डोक्याचा टॉवेल सोडला, हाताला गुंडाळला आणि तापलेला बल्ब फिरवून काढला. "घ्या. बसा अंधारात," ते म्हणाले. "आन परत हितं असलं काई न्हाई." दोघं पाण्यामागे वाफ्यांत गेले. बॅटरी त्यांनी लावली नाही. पहाटेपर्यंत त्यांचा आवाज येत होता, खोऱ्याचा आणि शिव्यांचा. शिव्या मला होत्या की फुटलेल्या पाटाला, कळत नव्हतं. मीठ दीडलाच गार झालं. मग मी पदरानं काच पुसत राहिले. साडेतीनला सप्तर्षी पूर्ण वर आले, आणि थोड्या वेळानं कॅमेऱ्याची शेवटची बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी श्राद्धाच्या पंगतीत माझ्याशी कोणी बोललं नाही. जाऊबाईंनी खीर वाढली, वाटीच्या काठापर्यंत, न विचारता. निघताना म्हणाल्या, "निघाला का फोटो?"

"बघायचाय अजून."

"मोबाईलवर धाड. ह्यांना."

फोटो जोडला. त्याच्या रेघा आणि माझ्या रेघा जुळतात, अगदी किंचित खाच सोडली तर. पुढे मात्र सतरा मिनिटांचं अंतर आहे, बल्बाच्या उजेडात गेलेलं. तेवढा वेळ आम्ही भांडत होतो. डाव्या कोपऱ्यात खाली दिरांची बॅटरी आहे. चाळीस मिनिटं एकाच जागी, फक्त मागेपुढे होणारी. छातीवर दाब देणाऱ्या माणसाची असते तशी. आधी सात वेळा पाहूनही मला ते दिसलं नव्हतं.

ती पुसता येते, एका मिनिटाचं काम आहे. मी पुसली नाही. फोटोही अजून पाठवलेला नाही.