सभेत म्हटलेलं मंजूर

आमच्या आबांचा आवाज तालुक्यात नावाजलेला. भजनात नव्हे हो, सभेत. साखर कारखान्याची वार्षिक सभा असली की आबा फेटा बांधून पहिल्या रांगेत. माईकवर एकेक विषय वाचला जायचा, आणि वाचून संपायच्या आत आबांचा हात वर. "मंजूर!" की मागून सगळा मांडव, "मंजूर, मंजूर!" नेमकं काय मंजूर झालं असं बाहेर पडताना विचारलं, तर निम्म्यांना सांगता यायचं नाही. पण संचालकांना आबा पुढं बसलेले लागायचे. सभेला न्यायला जीप यायची, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

आबा म्हणजे माझे वडील. तलवाड्याच्या बाजूला आमचं रान, विहिरीला पाणी होतं तोवर ऊस. कारखाना निघाला तेव्हापासूनचे सभासद. आणि मला दिली ती त्याच कारखान्याच्या बॉयलरवरच्या फायरमनला. माहेर ऊस घालणाऱ्यांचं, संसार ऊस गाळणाऱ्यांचा. पाऊस होता तोवर यात काही वावगं नव्हतं.

आमचे मालक हंगामी कामगार. गाळप संपलं की घरी. पण घरी असतानाही पगाराचा काही हिस्सा मिळायचा, कारण हंगाम लागला की त्यांनी परत हजर व्हायचं असायचं. त्याला सगळे रिटेन्शन म्हणत. त्यावर आणि कॉलनीतल्या दोन खोल्यांवर आमचं चाललं होतं. मालकांचं एकच वेड होतं, पोरीला अंबाजोगाईला पाठवून शिकवायचं. पोर तेव्हा प्राथमिक शाळेत, पाढे घडाघडा म्हणायची. आजूबाजूच्या तांड्यावरची, वस्तीवरची पोरं दरवर्षी आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची आणि परत आली की मागच्याच वर्गात बसायची. ते मी डोळ्यांनी बघत होते. आपल्या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनात पक्कं केलं होतं.

मग दुष्काळ पडला. एक वर्ष नव्हे, लागोपाठ. विहिरी आटल्या, उभा ऊस लोकांनी वैरणीला तोडून नेला. कारखान्याची चिमणी थंड. पगार थकले, रिटेन्शन थकलं. अशात बातमी आली की कारखाना वाचवायला शासन थकहमी देणार, म्हणजे बँकेनं कर्ज द्यायचं आणि बुडालं तर शासन जबाबदार. पण अट अशी की खर्च कमी करायचा. खर्च म्हणजे कोण? कामगार! रिटेन्शन बंद, थकलेल्या पगारावर पाणी सोडायचं, आणि हंगामी माणसांनी खोल्या खाली करायच्या.

आबा त्या दिवसांत आमच्याकडं आले होते. भाकरी खायला बसले आणि विषय निघाला.

"पावणं, राग मानू नका," आबा म्हणाले. "कारखाना बंद हाय. मग घरी बसून पगार कावून? आमी पेरलं, जळालं, घरी बसलो. आमाला कोण पगार देतंय?"

मालकांचा घास तसाच राहिला. "मामा, सरकार पैसा देतंय ते कारखाना वाचवायला ना? मग कारखाना म्हंजी काय? पत्रे आन् नळ्या? उद्या पाऊस पडला, ऊस झाला, बॉयलर कोण पेटवील? फायरमन काय आठवडी बाजारात मिळतो?"

"पण पैसा तर सभासदाच्या डोक्यावर बसणार ना! कर्ज फेडायचं आमीच, आमच्या उसातून कापून."

"मग आमच्या घामातून कापा म्हणता व्हय?"

दोघांचे आवाज चढले. खरं सांगू, दोघांचंही खरं होतं, आणि त्यामुळंच मला जास्त संताप आला. मी तवा खाली उतरवला आणि आबांसमोर जाऊन बसले.

"आबा, तुमची बैलं कुठं हायत?"

"छावणीत. तुला ठावं न्हाई व्हय?"

"कुणाच्या चाऱ्यावर?"

आबा भाकरी मोडायला लागले.

"सरकारच्या चाऱ्यावर ना? औंदा नांगरट न्हाई, पेरणी न्हाई, बैलाला काडीचं काम न्हाई. मग सोडून द्या की त्यांना! कशाला छावणीत बांधलीत? पाऊस आला की दुसरी बैलं धरून आणू कुठून तरी."

मालक म्हणाले, "अगं, बापाशी बोलती हायस." मी म्हटलं, बापाशीच बोलायला पाहिजे, दुसरं कोण ऐकतंय माझं?

आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग पोरीकडं बघितलं. ती दारात बसून पाटीवर काहीतरी लिहीत होती. "बरं माय," ते म्हणाले. "सभेत हा इषय निघाला की मी उभा ऱ्हाईन. माईक मागीन. पयल्या रांगेतला मानूस नको म्हणला की चार लोक थांबतील, इचार करतील. दिला शबूद." आबांचा शब्द म्हणजे माझ्या जिवाला केवढा आधार! त्या दिवशी मी आनंदानं त्यांना साखर घालून चहा दिला, दूध नव्हतं तरी.

सभेच्या दिवशी कारखान्याच्या आवारात मांडव पडला. आम्ही कॉलनीतल्या बायका तारेच्या कुंपणाला धरून उभ्या. आत जायची सोय नव्हती, आम्ही काही सभासद नव्हतो. कामगार मांडवाच्या पार मागं उभे. बऱ्याच जणांच्या, आमच्या मालकांच्याही, नावावर एखादा शेअर होता, त्यामुळं त्यांना आत येता आलं. मला आबांचा फेटा दिसत होता.

वाचन सुरू झालं. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. मंजूर! अहवाल, ताळेबंद. मंजूर! लेखापरीक्षकाची नेमणूक. मंजूर! कर्णा शिट्ट्या मारत होता, वाचणारा माणूस गाडी सुटत असल्यासारखा पळत होता. आणि त्याच सुरात, श्वास न घेता, "शासनाच्या थकहमीस व तदनुषंगिक अटी-शर्तींस मान्यता देणे."

"मंजूर!"

पहिला आवाज आबांचा. हात वर, तोच जुना आवाज. मी तो हजारात ओळखला असता. मागून सगळा मांडव गरजला. रिटेन्शन नाही, पगार नाही, खोल्या नाहीत, यातलं एक अक्षर कुणी उच्चारलं नव्हतं. अटी-शर्ती म्हणजेच आम्ही, हे शेजारच्या बाईला मी सांगत होते तोवर झालंही होतं.

मग आबा दचकून उठले. हात हलवायला लागले, काहीतरी बोलत व्यासपीठाकडं निघाले. तेवढ्यात आयत्या वेळच्या विषयांत काही नाही असं जाहीर झालं आणि राष्ट्रगीत सुरू झालं. सगळे ताठ उभे. आबाही जिथं होते तिथंच थांबले, हात खाली सोडून, मान ताठ. ते संपेपर्यंत ते हलले नाहीत, आणि संपल्यावर लोक चहाच्या बादल्यांकडं पांगले.

मी त्यांना भेटायला थांबले नाही. त्यांनी मुद्दाम केलं, अशीच माझी खात्री झाली होती. शेवटी जीप पाठवणाऱ्यांचंच ऐकलं. ते दोनदा दारात आले, मी आत घेतलं नाही. दिवाळीला माहेरी गेले नाही. मालक काही बोलायचे नाहीत. मी आबांना शिव्याशाप द्यायला लागले की उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, सासऱ्याचा मान राखतायत.

खोली सोडावी लागली. थकहमी आली, कर्ज आलं, चिमणी मात्र पेटली नाही. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली आणि आम्ही कोयत्याला नाव दिलं. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. ज्यानं आयुष्यभर उसाच्या भुशावर वाफ केली, तो आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारखान्याचा ऊस तोडणार होता. आणि पोरीला मी बरोबर घेतलं होतं. गावात आबांचं घर होतं, शाळा होती, पण त्या माणसाच्या दारात माझी पोर ठेवायची नाही, असं मी ठणकावून सांगितलं होतं. पाढे गेले तर गेले. इतका राग.

सकाळी ट्रक भरला. भांडी, सरपण, शेळ्या, माणसं. पोर गाठोड्यावर चढून बसलेली. आणि रस्त्यानं आबा आले, खांद्यावर ज्वारीचं पोतं. फेटा नव्हता. ते माझ्याकडं न बघता मालकांना म्हणाले, "पावणं, म्या मुद्दाम न्हाई केलं. त्वांडातून निघून गेलं बघा. इतक्या वर्साची सवय."

मालकांनी पोतं उतरवून घेतलं. ते वर ठेवायला वळले, वळता वळता थांबले. "मामा, मी बी म्हणलो."

"काय?"

"मागं हुभा हुतो. सगळे म्हणले, मी बी म्हणलो, मंजूर. आमचे समदेच म्हणले."

मी ट्रकवरून खाली बघत होते. म्हटलं, "इतके दिवस सांगितलं कावून न्हाई?"

मालक माझ्याकडं न बघताच बोलले. "तू त्यांच्यावर चिडायचीस. मला बरं वाटायचं. दुसऱ्या कुणी केलंय असं वाटायचं."

बाप रे! काय म्हणावं या माणसांना? शिवी द्यावी तर कुणाला? ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी गाठोड्यावरून पोरीला उचललं. ती म्हणाली, "आई, आपल्याला जायचंय ना?" मी म्हटलं, "तुला न्हाई. तुला शाळंत जायचंय." आणि तिला दोन्ही हातांनी खाली आबांकडं दिली. दप्तर गाठोड्यात खाली दबलेलं, ते ओढून काढायला वेळ लागला. मुकादम ओरडत होता. आबांनी पोरीचा हात घट्ट धरला होता.

ट्रक हलला तेव्हा ती रडली नाही. मीच रडले, मोठ्यानं, सगळ्या टोळीसमोर.