मातीरंगाचा नकाशा

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चार वर्षांपासून एक नकाशा लावलेला आहे. शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव, त्यातल्या अकरा विहिरी आणि बोअर, आणि कुठलं पाणी कसं आहे ते रंगांनी दाखवलेलं. तो नकाशा मी केला. लोक अजून त्याचं कौतुक करतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या क्वालिटी खात्यात गेली. नापास मालाला लाल टॅग लावायचा, तोही लांबून दिसेल असा, हे मी कित्येक नव्या पोरांना शिकवलं. निवृत्तीनंतर मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर आलेख आणि नकाशे काढायचं सॉफ्टवेअर शिकलो. त्यात जीव रमला.

त्या वर्षी पंचायतीनं पाणी तपासून आणलं. अहवाल म्हणजे नुसते आकड्यांचे तक्ते, कोण वाचणार? गावाला एक फिल्टर प्लांट मंजूर झाला होता आणि तो कुठं बसवायचा ते ग्रामसभेत ठरायचं होतं. सरपंच माझा पुतण्या. तो म्हणाला, नाना, लोकांना बघून कळेल असं चित्र करून द्या.

सॉफ्टवेअरमध्ये रंगछटांच्या तयार पट्ट्या, म्हणजे पॅलेट, असतात. मी हिरव्यापासून लालपर्यंतचं घेतलं. नकाशा तयार झाला तेव्हा त्यावर एकच लाल ठिपका होता, माळावरच्या वस्तीच्या विहिरीचा. तिथली वीसेक घरं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, आता शेती करून स्थिरावलेली. त्यांच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या बरंच वर होतं.

पुतण्यानं नकाशा पाहिला आणि कपाळाला हात लावला. निवडणूक दोन महिन्यांवर होती. लाल बघितलं की वस्ती बिथरणार, म्हणाला. मग चहा पिता पिता आम्ही बाकीचे रंग काढले. भगवा घेतला तर एक गट, निळा घेतला तर दुसरा. हिरव्यावरून वाद ठरलेला. पिवळा घेतला तर वस्तीवरचेच म्हणणार, आमच्या भंडाऱ्याचा रंग खराब पाण्याला लावला. आम्ही हसत होतो.

शेवटी तो म्हणाला, "नाना, कुणाचाच न्हाई असा रंग काढा."

मी काढला. आमच्या विहिरीचं खोदकाम झालं तेव्हाचा एक फोटो होता. त्यातल्या चुनखडीवर, मुरमावर, तांबड्या आणि काळ्या मातीवर क्लिक करून एकेक छटा उचलली. सहा छटांचं स्वतःचं पॅलेट केलं आणि 'माती' नावानं सेव्ह केलं. दिसायला फार देखणं झालं होतं.

रंग बदलायला पुतण्यानं सांगितलं, हे खरं. पण तपकिरी रंगातसुद्धा वाईट पाणी ठळक दाखवता आलं असतं. शेवटच्या दोन छटांमधलं, म्हणजे वस्तीच्या आणि तिच्या अलीकडच्या ठिपक्यांमधलं, अंतर मी स्वतः कमी केलं. पडद्यावर पुन्हा पुन्हा बघून, डोळ्याला खटकायचं थांबेपर्यंत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ग्रामसभेत वस्तीवरचे आबा, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे, नकाशाजवळ आले.

"नाना, आमची हीर कंची ह्याच्यात?"

मी बोट ठेवलं.

"मंग कसं हाय पाणी?"

"जरा जड हाय, आबा."

"जड बरं. हलकं पाणी काय, मानसासारखंच. टिकत न्हाई."

सगळे हसले. मीही हसलो. प्लांट गावात, बाजारतळाशेजारी बसला. नकाशा बघता वस्तीसाठी भांडायला कुणाला काही कारणच दिसलं नाही.

यंदा शाळेत बक्षीस द्यायला मला बोलावलं होतं. आबांची नात निबंधात पहिली आली होती. फोटो काढणारा तिला हस म्हणत होता आणि ती ओठ मिटून उभी होती. मीच म्हणालो, हस की बाळा. ती हसली. पुढच्या दातांवर फ्लोराइडच्या पाण्यानं पडतात तसे तपकिरी पट्टे होते. वस्तीवरची आणखी तीन मुलं रांगेत होती, त्यांच्या दातांकडे मी मुद्दाम पाहिलं. तेच पट्टे.

घरी येऊन फाइल उघडली. वस्तीचा ठिपका लाल करायला अर्धं मिनिट लागलं. नवा कागद घेऊन दुसऱ्या सकाळी वस्तीवर गेलो आणि आबांना सगळं सांगितलं, ग्रामसभेत बोट ठेवून 'जरा जड' म्हणालो होतो तेसुद्धा.

आबांनी कागद मांडीवर ठेवला. सुनेला हाक मारून विहिरीवरून आणलेला हंडा बाजूला ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, "मला एकट्याला कशाला सांगताय? जितं सगळी हसली, तितं सांगा."

तेव्हापासून वस्तीवरचे गावातल्या प्लांटवरून कॅन भरून नेतात, मोटारसायकलला दोन्हीकडं बांधून. वस्तीसाठी दुसऱ्या प्लांटचा अर्ज येत्या ग्रामसभेत आहे. त्याआधी उभं राहून हे सगळं वाचून दाखवणार, असं काल पुतण्याला सांगून आलो. तो अजून सरपंच आहे.

त्यानं एवढंच विचारलं, "माझं नाव घेणार?"

"घेणार," मी म्हणालो. "पण आधी माझं."