प्रमिलाबाईंचा दीड मिनिटाचा निवाडा

एखादी बाई लबाड आहे, हे तिचं तोंड बघून ठरवायला तुम्हाला किती वेळ लागतो? खरं सांगा. प्रकाशा गावच्या प्रमिलाबाईंना दीड मिनिट लागलं, आणि त्या तर निवाडे करण्यात मुरलेल्या.

चौथीत त्यांची शाळा सुटली. वाचायला शिकल्या त्या तहसील कचेरीच्या नोटिसांवरून. वीस वर्षं दर शनिवारी गावातल्या बाया त्यांच्या ओट्यावर जमायच्या आणि सासू-सुनांची, जावाजावांची भांडणं तिथेच मिटायची. नियम एकच. जिच्यावर बोट, ती आधी बोलणार. मध्ये कोणी तोंड घातलं की बाई डोळे वटारायच्या. भले भले पाटील तिथे गुमान बसून ऐकायचे.

मागच्या साली गुडघा मोडला आणि बाई दोन महिने खाटेवर. हातात मोबाइल. त्यात त्या दीड-दीड मिनिटाच्या व्हिडिओतल्या गोष्टी बघायचा नाद लागला. सख्ख्या बहिणीनं नवरा पळवला, गोडबोल्या सुनेनं म्हाताऱ्याचा अंगठा घेतला, हाकललेली बायको मालकीण होऊन परत आली आणि सगळ्यांना पाया पडायला लावलं. हसू नका. जिनं एका पोरीच्या पोटगीसाठी सात वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तिला दीड मिनिटात मारणाऱ्यालाच थप्पड परत बसताना बघून काय वाटत असेल? छातीत गार वाटायचं. एक गोष्ट संपली की बोट आपसूक पुढचीवर.

गुडघा बरा झाला, शनिवार पुन्हा सुरू झाला. पहिलंच प्रकरण छगन पाटलांच्या घरचं. थोरली सून रुपा उठली आणि धाकटी जाऊ चेतना हिच्याकडे बोट करून म्हणाली, "जीभ गोड शे तिन्ही, मावशी. सासराले गाडीवर बसाडीसन शहादाले ली जास. कशाले, ते सांगत नही. जमिनीना कागदवर अंगठा लिधा व्हई, दुसरं काय."

चेतना मान खाली घालून बसलेली. नवरा भूपेश पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात, आठवड्यातून एकदा घरी. बाजूनं बोलणारं कोणी नाही.

"मावशी, मी बोलू का?" ती हळूच म्हणाली.

नियमानं तर आधी तिचंच ऐकायचं. पण बाईंना ही गोष्ट पाठ होती. ती खाली घातलेली मान, तो बारीक आवाज, सगळं चाळीस वेळा बघून झालेलं.

"पहिले कागद दखाड, मंग बोल," बाई म्हणाल्या. "तवलोंग सासराना खोलीमा पाय ठेवानं नही."

तीसेक बायांनी माना डोलवल्या. आणि बाईंच्या छातीत तेच गार वाटलं. हे त्या स्वतः सांगतात, पण सांगताना समोरच्याकडे बघत नाहीत.

नवव्या दिवशी छगन पाटलांना तापात बरळत नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. तिथे सगळं उघडं पडलं. म्हाताऱ्याची लघवी अडत होती. सहा महिने धोतराआड नळी आणि पिशवी होती. चेतना लग्नाआधी एका दवाखान्यात काम करायची, म्हणून त्यांनी तिलाच सांगितलं आणि पोरांना कळू द्यायचं नाही अशी शपथ घातली. पिशवी ती रिकामी करायची, नळी बदलायला शहाद्याला ती न्यायची. तिला खोलीबंदी झाली, म्हातारा लाजेनं गप्प बसला, नळी बदलायची तारीख टळली.

ते वाचले. भेटायला गेलेल्या प्रमिलाबाईंना म्हणाले, "गावमा सांगी टाका. लाज मन्ही व्हती, आनि भोगी ती ऱ्हायनी."

चेतना तोवर सामान बांधून भूपेशकडे निघून गेली होती. बाई पुरुषोत्तमनगरला गेल्या. दारातच हात जोडले. पोरीनं पाट दिला, चहा दिला.

"ल्या, मावशी, थंडा व्हई जाई."

"माले माफ कर, माय."

चेतना कप विसळत राहिली. मग म्हणाली, "तवय बठ्या बाया व्हत्यात. आते तुम्ही एकल्याच उन्यात."

खरंच होतं. नाव तीस जणींसमोर घालवलं आणि माफी बंद दाराआड. परतीच्या बसमध्ये बाईंनी मोबाइलमधल्या त्या गोष्टी काढून टाकल्या. दोन दिवसांनी परत घेतल्या. तेही लपवत नाहीत.

पुढच्या शनिवारी ओट्यावर उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. चूक माझी, चेतनाची नाही. ऐकायला नऊ बाया. रुपा आली नाही. सुनेनं अंगठा घेतल्याची गोष्ट मात्र एव्हाना शहाद्याच्या बाजारापर्यंत पोचली होती, आणि तिथे अजून तीच चालते. चेतना भाजी घ्यायला गेली तरी बाया कुजबुजतात.

बाई एकट्या कुठे कुठे पुरणार? तेव्हा ती पहिली गोष्ट तुमच्याही कानावर आली असेल आणि तुम्ही ती मीठमिरची लावून पुढे ढकलली असेल, तर ज्यांना ज्यांना सांगितली त्यांच्या दारात जा, आणि ही दुसरीही सांगा.