विनामध्यंतर

विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या थिएटरबाहेर चहाचा काउंटर चालवणाऱ्या बाईला पोरं तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे तोफ. दोन्ही नावं तिच्या कानावर आली होती. मावशी कुणालाही म्हणतात, तोफ व्हायला कष्ट लागतात, असं तिचं मत. रांग मोडून पुढे घुसलेल्या एका प्राध्यापकाला तिने सगळ्यांदेखत मागे पाठवलं होतं, आणि तो निमूट गेला होता.

थिएटर म्हणजे जुना व्याख्यानाचा हॉल. पायऱ्यापायऱ्यांची बाकं, समोर पडदा, मागे यंत्राची खोली. कारभार सगळा विद्यार्थ्यांच्या मंडळाकडे. दर आठवड्याला एक खेळ आणि खेळाच्या मधोमध मध्यंतर. तोफेचं पोट त्या मध्यंतरावर चालायचं. आतले दिवे मालवले की बाहेर शुकशुकाट. मग ती मागच्या दाराने आत शिरून भिंतीला टेकून उभी राहायची. गोष्ट रंगात आली की नेमकं तेव्हाच बाहेर येऊन दूध चढवायला लागायचं. मध्यंतरात नुसती झुंबड उडायची. नंतर कपांचा ढीग, सांडलेला चहा, बिस्किटांचा चुरा. ते निस्तरून हात पुसेपर्यंत माणसं डोळे चोळत बाहेर यायची. इतकी वर्षं थिएटरच्या दारात काढून तिने एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता.

याचं वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं असतं तर त्यालाच तिने झाडलं असतं. उरलेला अर्धा सिनेमा तिला घरी मिळायचा.

घरी सासूबाई होत्या. उभं आयुष्य कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर काढलेलं, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी त्यांची वेणी घालताना सून आदल्या दिवशीचा सिनेमा सांगायची, मध्यंतरापर्यंत. तिथे थांबून म्हणायची, "हं आई, आता पुढचं." सासूबाईंच्या हातात गेला की सिनेमा भलतीच वाट धरायचा. मालक भिकेला लागायचे, वकिलांना खरं बोलायची बुद्धी व्हायची, आणि घर टाकून गेलेला पुरुष शेवटी परत आला की दाराला आतून कडी असायची. त्यांचा मुलगा, म्हणजे तोफेचा नवरा, असाच एक दिवस निघून गेला होता. एरवी त्याच्याबद्दल दोघी अवाक्षर काढत नसत. सिनेमात मात्र सासूबाईंनी त्याला कितीदा तरी दाराबाहेर ताटकळत ठेवलं होतं.

त्या वर्षी मंडळावर नवी सेक्रेटरी आली. गोल चष्मा, हळू आवाज, आणि एकदा ठरवलं की न सोडणारी. तिने विशेष खेळांची मालिका काढली. निवडक सिनेमे, एकसलग, मध्यंतराशिवाय. नोटीस लागली आणि तोफ मंडळाच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

सेक्रेटरीने समजावून सांगितलं, "मावशी, बनवणाऱ्याने मध्यंतर ठेवलेलंच नाही."

"त्याला चहाची तलफ नसेल. इथल्या लोकांना आहे."

सगळे हसले, सेक्रेटरीसुद्धा. हसून झाल्यावर नोटीस होती तिथेच राहिली. समित्यांची हीच तर सोय असते. गरिबाच्या बोलण्याला हसून दाद दिली की ते ऐकून घेतल्यासारखं होतं. वर सेक्रेटरीने प्रत्येक खेळामागे थोडं मानधन देऊ केलं. न विकलेल्या चहाचे पैसे घ्यायला मी अजून भीक मागायला बसलेली नाही, असं तोफेने ऐकवलं. पोरीचा चेहरा उतरला. मग चाचरत ती म्हणाली की निदान आत बसून एक सिनेमा पुरता बघा तरी.

पहिल्या विशेष खेळाला तोफ रागातच गेली आणि नेहमीच्या भिंतीला टेकली. सिनेमा एका नावाडणीचा होता. नदीवर पूल बांधला जात होता आणि ही बाई नाव विकायला तयार नव्हती. पूल निम्म्याच्या पुढे गेला तसे तोफेचे पाय आपोआप बाहेर वळले. तिने गॅस पेटवला, दूध चढवलं, कप मांडले, आणि कुणीच येईना तेव्हा तिला आठवलं. स्वतःलाच एक शिवी हासडून तिने गॅस बंद केला, आत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथल्या बाकावर बसली. शेवटी पूल पुरा झाला. नावाडीण त्यावरून चालत बाजाराला गेली, मधेच थांबून खाली पाण्याकडे बघत राहिली, आणि दिवे लागले. लोक तोंड मिटून बाहेर पडले. चहा फारसा कुणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना तिने जरा तोऱ्यातच सिनेमा शेवटापर्यंत सांगितला.

"मग?" सासूबाईंनी विचारलं.

"मग काही नाही. संपला."

"माझा पूल पडला असता," सासूबाई म्हणाल्या, आणि वेणी घट्ट झाली म्हणून कुरकुरल्या.

पुढच्या आठवड्यातला खेळ साधा होता, मध्यंतराचा. सुनेने अर्ध्यावर थांबून नेहमीसारखं "आता पुढचं" म्हटलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू बघितलायस शेवट. कशाला म्हातारीला खेळवतेस?" सुनेने परोपरीने सांगितलं की मी कप विसळत होते. त्यांचा विश्वास बसेना. तीच गत त्याच्या पुढच्या आठवड्यात. वेणी घालून व्हायची आणि दोघी गप्प बसायच्या. त्या घरात एवढं गप्प बसायची दोघींना सवय नव्हती.

तोफ पुन्हा मंडळाच्या खोलीत गेली. या वेळी तिने आवाज चढवला नाही, तेव्हा पोरं खरी घाबरली. अर्ध्यावर थांबलं की माणसं बोलतात, असं तिने सांगितलं. माझ्या काउंटरवर अनोळखी माणसं पैजा लावतात, आता ती त्याला सोडणार की नाही. त्या दिवशी सगळे मुकाट घरी गेले, ते तुम्ही पाहिलंत. सेक्रेटरीने ते पाहिलं होतं. खूप वेळ खल झाला. विशेष खेळ सलगच राहणार, पण दारं लवकर उघडणार आणि आधी चहा होणार, असं ठरलं. काउंटर वाचला. सकाळचं काय, ते मंडळाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या विशेष खेळाआधी चहा बरा खपला. सिनेमा एका म्हाताऱ्या घड्याळजीचा होता. घरमालक त्याला दुकानातून हुसकावू बघत होता. खटला उभा राहिला, साक्षी सुरू झाल्या, आणि तोफ उठून बाहेर आली. सेक्रेटरी मागोमाग आली. तब्येत बरी नाही का, सिनेमा आवडला नाही का, तिने काळजीने विचारलं. सिनेमा झकास आहे, तू जा आत, म्हणून तोफेने तिला वाटेला लावलं आणि संपेपर्यंत एकटीच बाहेर स्टुलावर बसून राहिली. आतून नुसते आवाज येत होते. तिने ते कानावर घेतले नाहीत.

सकाळी तिने साक्षीपर्यंत सांगितलं आणि कंगवा थांबवला.

सासूबाईंनी हातातल्या आरशातून तिच्याकडे बघितलं. "खरंच बाहेर आलीस?"

"खरंच."

"कुणी बघितलं?"

"त्या चष्मेवालीने."

सासूबाईंनी या साक्षीदारावर थोडा विचार केला. मग आरसा खाली ठेवला.

"त्या घरमालकाच्या मनगटावर घड्याळ असेल ना," त्या म्हणाल्या, "ते आधी बंद पडतं."