प्रवाळांसाठी दिवा आणायला गेले आणि…

मंडळी, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

कोथरूडच्या आमच्या घरात खाऱ्या पाण्याची छोटी टाकी आहे. तिच्यात मी जिवंत प्रवाळ पाळलेत. योग्य प्रकाश मिळाला नाही तर ते मरतात. जुना दिवा मंदावला आणि ते पांढरे पडायला लागले, म्हणून आज नवऱ्याला घेऊन दुकानात गेले.

एका दिव्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "याचा प्रकाश टाकीच्या तळापर्यंत पुरेल का?"

दुकानदार नवऱ्याकडे बघत म्हणाले, "साहेब, बजेट किती?"

मीच सांगितलं. तरी ते त्याच्याशीच बोलले. "एवढ्यात प्लास्टिकचे प्रवाळ घ्या. मॅडमना रंगच हवेत ना?"

नवरा म्हणाला, "अहो, टाकी हिची आहे. मी फक्त गाडी चालवतो."

तरीही मला उत्तर मिळालं नाही. आम्ही निघून आलो.

दुपारी नारायण पेठेतल्या प्रवाळ पाळणाऱ्या एका बाईंनी त्यांचा वापरलेला दिवा मला तेवढ्याच पैशांत दिला. आधी टाकीची खोली विचारली, मग तो किती उंच टांगायचा तेही समजावलं.

माझं बजेट कमी होतं, मान्य. पण प्रश्न मी विचारला होता, तर उत्तर नवऱ्याला का? तुम्हालाही असं कोणी वागवलंय का?