दाबून धरलेला खोकला

"कोण खोकलं बे?" जमादार ओरडला आणि बीडच्या तुरुंगातली आमची अख्खी बराक गारठली. निजामाच्या राज्यात हकीम आजारी कैद्याला दवाखान्याच्या खोलीत धाडायचा, अन् तिथून चालत परत आलेला माणूस आमी कुणी पाहिला नव्हता.

खोकलेला म्हातारा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानं नाव कधी सांगितलं नाही. चक्कीवर बसला की आधी मूठभर ज्वारी हुंगायचा, मग दळायचा. खोकला मात्र असा, की पाटोद्याच्या बाजारात बैल बुजावेत!

हकीम एकेकाला तपासत समोर येताच म्हाताऱ्यानं दात आवळून छाती पुढं काढली. तोंड वांग्यासारखं जांभळं झालं. मला वाटलं, आता हा फुटतो अन् छप्पर घेऊन जातो. हकिमानं नाडी धरली, ती जणू पोळ्यापर्यंत सोडलीच नाही.

"तब्येत?"

"लई झ्याक हाय, साहेब."

हकीम फाटकाबाहेर गेल्यावर जमादार म्हणाला, "येडा का खुळा तू? निजाम हुजुरांच्या सालगिऱ्याला, वाढदिवसाच्या खुशीत, घरी सोडायला आजारी म्हातारे निवडत होते!"

मी म्हाताऱ्याकडं वळलो. "बाबा, आता काय करता वो?"

"आता खोकतो," तो म्हणाला.