लेबर रूममधली मडकी

तीस वर्षं नर्सिंग केलेली बाई किस्से सांगायला बसली की घरचे घड्याळ बघायला लागतात. बघू देत. मुलुंडच्या आमच्या मिशन हॉस्पिटलचे ऐंशीच्या दशकातले किस्से मी सांगणारच.

हॉस्पिटल डोंगराच्या पायथ्याशी, वर जंगलात वारल्यांचे पाडे. सिस्टर डॉक्टर म्हणजे आमच्या मंगळूरच्या नन आणि एकुलत्या एक सर्जन. त्यांचा एकच हट्ट, पाड्यावरच्या बाया बाळंतपणाला खाली आल्या पाहिजेत. तिथली जानी तिसऱ्यांदा पोटुशी होती, आधीची दोन्ही बाळं गेलेली. सिस्टर म्हणायच्या, "हे तिसरं मी जाऊ देणार नाही."

*

सगळ्यात आधी आली ती जानीची जाऊ. बाळंतपण झकास झालं. बाळामागून वार पडली, ती मी नेहमीसारखी बादलीत टाकली. बादली गेली. थोड्या वेळाने पाड्याची सुईण बया आजी दारात उभी. "वार दे." म्हटलं, टाकली.  म्हातारी मागच्या आवारात जाऊन एकेक बादली बघून आली.

वार आपल्या दाराशी पुरली की पोर त्या घराचं होतं, असं पाड्यावर मानतात. मला तेव्हा कुठं ठाऊक? पुढचे दोन महिने वरून एकही बाई आली नाही. वाट लागली, आणि ती माझ्यामुळे. मला फार लाज वाटली.

*

सिस्टर मला घेऊन पाड्यावर गेल्या. उन्हात दीड तास चढण. बया आजी अंगणात तांदूळ पाखडत होती, तिने मान वर केली नाही.  सिस्टर शेजारी बसल्या आणि दुसरं सूप उचललं. ऑपरेशन करताना या बाईचा हात कधी हलला नाही, पण निम्मे तांदूळ अंगणात! आजीने सूप काढून घेतलं.

"तुला काय बी येत नाय."

"नाही येत," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून तर चूक झाली."

एवढंच बोलणं झालं आणि आम्ही खाली आलो.

*

मग कुंभाराकडून झाकणाची मडकी आणली. प्रत्येक वार मडक्यात, वर नावाची पट्टी. त्याच सुमारास भूल देणारे नवीन डॉक्टर आले, जरा ऐटीतले. फळीवरची मडकी बघून म्हणाले, "वा, घरचं दही लावता वाटतं?" आम्ही सांगायच्या आत झाकण काढलं. दोन दिवस साहेब धड जेवले नाहीत.

*

जानी आली ती डोलीतून, सोबत अकरा माणसं. आमचा वॉचमन सावंत मालवणी, नियमाला पक्का. म्हणाला, "एकच नातेवाईक आत जातलो."

बया आजी म्हणाली, "बरं. यातला नातेवाईक कोण नाय, तेवढं तू सांग."

सावंतने गेट उघडलं.

*

बाळ आडवं होतं, पोट उघडायला लागणार होतं. जानी संमतीच्या कागदावर अंगठा देईना. "बया आत असंल तर." भूलवाले डॉक्टर म्हणाले, शक्य नाही.

सिस्टर म्हणाल्या, "तिचे हात मी धुऊन देते. ती बाहेर राहिली तर जानी घरी जाईल, आणि मग तुम्ही झोप कशी घेणार ते सांगा."

बया आजी गाऊन घालून जानीच्या उशाशी बसली. मुलगी झाली, पण रडेना. मी तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, पुन्हा चोळली. सिस्टर टाके घालत होत्या, नजर माझ्याकडे. अखेर पोरीने असा सूर लावला की सावंतला गेटवर ऐकू गेला. मी तर रडलेच.

बया आजीच्या हातात मी स्वतः मडकं दिलं. वाटलं, आता डोंगर चढणार. ती हॉस्पिटलच्या पायरीशी उकिडवी बसली आणि कोयत्याने माती उकरायला लागली. सावंत धावत आला.

"गो म्हातारे, हयसर कित्याक खणतंस? ह्यां हॉस्पिटल आसा."

"ठावं हाय," आजी म्हणाली.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. खड्ड्याकडे वाकून बघितलं. मग सावंतला म्हणाल्या, "पहार आण. इथली माती कडक आहे."